औक्षवंतांचं गाव

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. तिथले लोक शंभरी गाठतात म्हणे, ते नेमकं काय खातात, कोणती आसनं करतात ते सगळं सविस्तर कळव, आम्हा दोघांचीही आता पन्नाशी उलटली, असं तू लिहिलंस. कळवते. थोडक्यात बोलल्याचा आरोप माझ्यावर आजवर कुणी केलेला नाही. तूच म्हणायचास ना, हिच्या हातातला माइक काढून घ्यायला पोलीस बोलवावे लागतील म्हणून!

तर ऐक. डाळी, पालेभाज्या, जाडसर भाकरी, मूठभर दाणे. तेल नावाला. पोटात थोडी जागा असतानाच उठायचं. पहाटे सगळं गाव फरसबंद अंगणात जमतं आणि निवृत्त पोस्टमनबाई आसनं घेतात. कुणा प्रवाशानं फार पूर्वी शिकवलेला योग या लोकांनी इतका मनावर घेतलाय की आपल्याला लाज वाटावी. दुपारचं जेवण जेवणघरात, एकाच लांबलचक टेबलावर, प्रत्येकाला स्वतःची खुर्ची. एकटं कुणी जेवत नाही. दीर्घायुष्याचा अभ्यास करायला आलेली मी पहिल्या महिन्यात इतकी भारावले की तुला लिहिलं होतं, समाज म्हणतात तो हाच. ते वाक्य खोडून टाक.

मी राहते ते घर सुतारआजोबांचं. नव्वदी केव्हाच पार केलेला, काटक, थट्टेखोर म्हातारा. मला 'भाषणवाली' म्हणायचे. जेवणघरातल्या सगळ्या खुर्च्या त्यांनीच घडवलेल्या, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा! माझ्या खुर्चीचा एक पाय जरा लंगडा होता. तक्रार केली तर म्हणाले, "खुर्ची सरळ आहे, तूच डावीकडे झुकलेली आहेस."

एका सकाळी बैठी आसनं संपली, सगळे उठले आणि आजोबांना उठता येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मी धावले तर पोस्टमनबाई कडाडल्या, "तुमच्या जागेवर!" इथं उठणाऱ्याला हात देणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून सगळे समोर बघत राहिले, श्वास आत, श्वास बाहेर. शेवटी आजोबा भिंतीपर्यंत सरपटत गेले आणि भिंतीला धरून उठले. दुपारी ते जेवणघरात गेले तर त्यांची खुर्ची नव्हती. दोन्ही बाजूंचे लोक थोडे थोडे सरकून बसले होते, फटसुद्धा ठेवली नव्हती. आजोबा दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. कुणी मान वर केली नाही. त्यांची बायको बेकरीवाल्याच्या विनोदावर हसत होती, दादा. म्हातारा वळला आणि निघून गेला.

हाच इथला नियम. ज्याला आपलं आपण उठता येत नाही त्यानं टेबलावर यायचं नाही. त्याचं जेवण घरी पोचतं, माणसं पोचत नाहीत. म्हाताऱ्याजवळ बसलं की म्हातारपण लागतं, असं हे लोक म्हणतात आणि खरंच मानतात.

मी गप्प बसणार होते का? दुसऱ्या दिवशी जेवणघरात उभी राहिले आणि मोडक्यातोडक्या त्यांच्या भाषेत बोलले. ज्यांनी तुमची दारं घडवली, तुमचे पाळणे घडवले, त्यांना तुम्ही एका गुडघ्यापायी मोडीत काढलंत, असं तोंडावर म्हटलं. त्यांची खुर्ची परत ठेवा, आत्ता ठेवा, मी हात देऊन बसवते, म्हटलं. आपल्याकडे एवढ्या बोलण्यावर सभागृह पेटलं असतं. इथं गालावर हात ठेवून सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग टाळ्या वाजवल्या. सुईणबाई म्हणाल्या, "फारच छान! भाषण ऐकलं की अन्न कसं मस्त पचतं." सगळं टेबल खदखदून हसलं आणि वाढपी फळं घेऊन आला. मला बोलण्यानं हरवणारे पुष्कळ भेटले. टाळ्यांनी मारणारे हे पहिलेच.

माझ्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "जो जेवणघरात येतो तोच आपल्या अभ्यासात. त्यांना आता वगळा." बघ, कळलं रहस्य? इथं आजारी माणूस दिसत नाही, कारण आजारी माणसाकडे कुणी बघत नाही.

मग मीच रोज दुपारी आजोबांकडे बसू लागले. त्यांना घरातल्याच त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यामागच्या खोलीत हलवलं होतं. मध्ये फक्त फळ्यांची भिंत. पलीकडे बेकरीवाला त्यांची करवत मागायला आला तेव्हा बायकोनं काढून दिली. "घेऊन जा, त्यांना आता कशाला लागतेय?" आजोबांनी सगळं ऐकलं. मग रंधा गेला, मग पटाशा गेल्या. प्रत्येक हत्यार उचलल्याचा आवाज ते ओळखायचे आणि मला नाव सांगायचे. एकदा म्हणाले, "रिकाम्या झालेल्या खुर्च्या मीच उचलून आणायचो. सुताराचंच काम ते. थोरल्या भावाची उचलली तेव्हा तो रडत होता. मला वाटलं, नाटक करतोय." मग माझं मनगट धरून त्यांनी विचारलं, बायकोच्या शेजारी आता कोण बसतं. कुणी नाही, म्हटलं. खरं तर बेकरीवाला बसतो.

गेल्या आठवड्यात आजोबा गेले. आजार काही नव्हता. सगळं गाव ताठ मानेनं, झपझप चालत त्यांना पोचवायला आलं. दुपारी टेबलावर त्यांचे जुने विनोद सांगून लोक पोट धरधरून हसले. आमच्या अहवालात त्यांचं नाव आता परत आलंय: निरोगी दीर्घायुष्य, घरच्यांच्या सहवासात शांत मृत्यू.

आता तुझ्या घराविषयी. दोन महिने मी फोन करते तेव्हा आई झोपलेली असते, अंघोळीला गेलेली असते, नाहीतर फिरायला गेलेली असते. फिरायला! त्या गुडघ्यांनी? परवा मी समोरच्या शिवणवाल्या काकूंना फोन केला. तू आईला सगळ्यात वरच्या मजल्यावर हलवलंस, "वर हवा छान आहे" म्हणून. लिफ्ट नाही. त्या दिवसापासून ती खाली उतरलेली नाही. काकू म्हणाल्या, रोज सकाळी ती खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारते, एकेका भाजीचा भाव विचारते आणि काहीच घेत नाही. तोही बिचारा पाटी खाली ठेवून, मान वर करून सगळे भाव सांगतो. दिवसभरात तिच्याशी तेवढंच कुणीतरी बोलतं. हे पत्र त्यासाठी आहे. मी इथलं काम सोडलंय. रविवारी येतेय आणि आईला माझ्याकडे नेतेय. तिला जिन्यावरून उतरवायला दोन माणसं सोबत आणीन, तू हात लावायची गरज नाही. वहिनीला सांग, चहासुद्धा टाकू नकोस. बाकी तू विचारलंस ते सगळं वर लिहिलंय. डाळी खा, दाणे खा, पहाटे उठून आसनं कर. तू औक्षवंत हो, दादा. चांगला शंभर वर्षं जग. वरची खोली रविवारपासून रिकामीच आहे, आणि हवा छान आहे.

तुझीच,
धाकटी