अनाथ पाने: वगळा

२ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे! घर सतरा नंबरचं. दोन खोल्या, स्वयंपाकघराला ऐसपैस खिडकी आणि नळाला चक्क पाणी. ताईने आत पाऊल टाकताच खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, धूळ माझ्या नाकासमोर धरली आणि मला झाडू आणायला पिटाळलं. आईबाबांच्या मागे तिनेच मला वाढवलं. शाळेत बाई होती, निवृत्त झाली, पण ते बाईपण काही सुटलं नाही. ही रोजनिशी लिहायचा हुकूम तिचाच, आणि मधूनमधून लाल पेनाने तपासणार आहे म्हणे! तिशी उलटली तरी माझी वही तपासली जाते, हे कुणाला सांगायची सोय नाही.

नोकरी कारखान्याच्या वसाहतीच्या कार्यालयात. इथे प्रत्येक गोष्टीचं विकीवर, म्हणजे संगणकावरच्या आमच्या सामायिक कोशात, एक पान आहे: घरं, नळ, जिने, माणसं. माणसांची पानं घर आणि नात्यावरून ओळखायची, जसं ‘घर चार, धाकटी सून’. या सगळ्या पानांचं आपोआप एक छापील पीडीएफ पुस्तक व्हावं, हे माझं काम. मोठे साहेब म्हणाले की पडद्यावरचं काय, आज आहे उद्या नाही. कागदावर येतं तेच खरं.

मागच्या जिन्याने चढलं की थेट माझ्या टेबलापाशी निघतो. झकास!

५ फेब्रुवारी, गुरुवार

सॉफ्टवेअर बसवणं म्हणजे लग्नाची आमंत्रणं. एकाला बोलवावं तर तो म्हणतो, माझा भाऊ आल्याशिवाय मी येत नाही. भावाला आणावं तर त्याचं व्याह्याशी पटत नाही. शेवटी सगळे आले, पण पुस्तकात अक्षरांच्या जागी चौकोनच चौकोन. फॉन्ट बदलला, तर वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. ताई ते पाहून म्हणाली की तुझी तिसरीतली वही कुणी छापली?

हे सगळं ज्यावर चालतं तो सर्व्हर इथे नाहीच, दूरच्या एका कंपनीकडे भाड्याने घेतलाय. तो सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे पाठीमागे ‘खडूस’ म्हणतात. मुख्य पासवर्ड फक्त त्यांच्या डोक्यात. मी सांगायचं आणि त्यांनी टाइप करायचं, असं चाललंय. जेवतात एकटेच. मला वाटतं, माणूस वाईट नाही, फक्त त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

जमलं! जोडाक्षरं शाबूत, वेलांट्या जागेवर. पण पुस्तक झालं उशीएवढं जाड. साहेब म्हणाले, फापटपसारा काढा. त्यावर सोपा उपाय आहे. ज्या पानाकडे दुसऱ्या कुठल्याच पानावरून लिंक येत नाही, त्याला आमच्या धंद्यात ‘अनाथ’ म्हणतात. मी सांगितलं आणि खडूसांनी सेटिंगमध्ये ओळ घातली: अनाथ पाने: वगळा. आता दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक आपलं आपण तयार होईल.

वगळलेल्या पानांचं पुढे काय होतं, असं त्यांनी विचारलं. मी हसून म्हणालो, व्हायचंय काय, पुस्तकात येणार नाहीत, इतकंच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तक कसं सुटसुटीत निघालं! साहेब खूश. हे सगळं मी एकट्याने बसवलं, कुणाची मदत नाही, याचा मला मनातून फार अभिमान वाटतो.

तक्रार एकच. संध्याकाळी सुटताना जिन्यावर ही झुंबड! एवढ्या मोठ्या इमारतीला एकच जिना बांधणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शेजारच्या टेबलावर नकाशे काढणाऱ्या बाई बसतात. त्यांनी आज ताईचं पान तयार केलं. घर सतराच्या पानावरून त्याची लिंक मीच घाईघाईत लिहिली. स्वभाव काय लिहू, असं बाईंनी विचारलं. ‘कडक’ म्हणालो. ताईला सांगितलं तर दिवसभर खूश होती.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताई दुपारी लाल पेन घेऊन बसली. पाच तारखेपर्यंत आली आणि विचारू लागली की हे खडूस कोण, आणि तू त्यांना एकदा जेवायला का नाही आणलंस.

मी म्हणालो, कोण खडूस?

तिने वही पुढे केली. अक्षर माझंच. मला असा कुणी माणूस आठवत नाही. मागचा जिनाही आठवत नाही. ताईला वाटलं, मी थट्टा करतोय. नंतर माझा चेहरा बघून तिने लाल पेनाला टोपण घातलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या टेबलामागे भिंत आहे. जुनी, रंगाचे पोपडे उडालेली. बाई म्हणाल्या, ती पहिल्यापासून आहे.

गुरुवारी काय काय वगळलं, ते सर्व्हरने नोंदवून ठेवलंय. त्यात ‘मागचा जिना’ आहे. ‘घर नऊ, सर्व्हरवाले’ आहे. विकीवर ती पानं आता नाहीत. घर नऊला कुलूप आहे. तिथे कधी कुणी राहिलंच नाही, असं शेजारी सांगतात.

त्यांच्या पानाकडे कुणाचीच लिंक नव्हती. एकाचीही नाही. आणि वगळा असं मीच सांगितलं.

ती ओळ बदलायला मुख्य पासवर्ड लागतो. मला ती नुसती दिसते, हात लावता येत नाही. भाड्याच्या कंपनीला फोन केला, यंत्र बंद करा म्हणून विनवलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की ज्यांच्या नावावर खातं आहे, त्यांनाच फोन करायला सांगा.

साहेबांपुढे अक्षरशः हात जोडले. ते म्हणाले, रजा घ्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस पानं जोडतोय. ज्याला कुणी नाही, त्याला कुणाशी तरी. घर बाराच्या आजोबांना बागेच्या पानावरून लिंक दिली. पाण्याची टाकी, कोपऱ्यावरचा दिवा, कुणालाच सोडलं नाही.

ताईला म्हणालो, तू इथून निघून जा. ती म्हणाली, जाऊ कुठे, आणि पान तर इथेच राहणार ना? खरंच आहे. पण तिची काळजी नाही. ‘घर सतरा, मोठी बहिण’ ही लिंक मी स्वतःच्या हाताने लिहिली आहे.

भीती वाटते. तरी आज झोप लागेल असं वाटतंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी घरी जेवायला बसलो, लॅपटॉप शेजारी उघडाच होता, तेव्हा ताईने तपासलेली वही परत दिली. कालच्या पानावर लाल गोल. ‘बहिण’ खोडून वर ‘बहीण’. शेजारी लिहिलंय: दुसरी वेलांटी! किती वेळा सांगायचं?

बाईंनी पान ‘बहीण’ नावाने केलंय. त्यांचं शुद्धलेखन चांगलं आहे. मी लिंक लिहिली ‘बहिण’. त्या नावाचं पानच नाही. ताईच्या पानाकडे कुणीही—

दुरुस्त केलं. लगेच केलं. पण पुस्तक सुरू झालंय. सुरुवातीलाच सगळ्या पानांची नक्कल घेतात, मग त्या नकलेवरच काम चालतं. आता विकीवर काहीही बदला, या वेळच्या पुस्तकात येत नाही. हे मला माहीत आहे. मीच बसवलंय.

थांबव म्हटलं, सर्व्हर म्हणतो परवानगी नाही. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

कुठलं पान चाललंय ते पडद्यावर सरकतंय. घर आठ झालं. घर नऊ नाहीच.

ताईला सांगितलं. ती हसली. म्हणाली, शुद्धलेखनाने माणूस मरतो असं मी वर्गात उगाच नव्हते सांगत. मग म्हणाली, जेव आधी, गार होतंय.

तिचा हात धरलाय. वही मांडीवर आहे, लिहीतच राहतो. लिहिलं तर उरेल. ताई. माझी ताई. कपाळावर डाव्या बाजूला तीळ. रागावली की आधी चष्मा पुसते—

घर चौदा

म्हणतेय, रडू नको, वही भिजेल. बोलत राहा ताई, थांबू नकोस. म्हणतेय, बहीण लिही. दुसरी वेलांटी. बहीण. बहीण. बहीण

घर सोळा

ताई म्हणतेय की तुझं काही चुक—

पुस्तक तयार झालंय. कुठे काही अडलं नाही.

जेवण गार झालंय. उजव्या हाताने हे लिहितोय. डावा हात समोर, उघडा, तळवा अजून उबदार. पुढे रिकामी खुर्ची. हात असा पुढे करून मी कशाला बसलोय, आणि एवढं रडू कुणासाठी येतंय?