तीस मोजायच्या आत

सोमवार, ६ मे

आज पुन्हा तसंच बघितलं तिने! थेट माझ्या ओठांकडे, पापणीसुद्धा न लववता. हिच्या वजनकाट्यावर तीन ट्रक खोळंबलेले, ड्रायव्हर हॉर्न मारून मारून वैतागले, पण हिचं लक्ष माझ्याकडेच.

मी ढगांचं सांगत होतो. उन्हाने खाणीचा उघडा दगड तापतो, वरची दमट हवा हलकी होऊन चढायला लागते. वर गार झाली की ढग. तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत जातो आणि मग माथा एकदम सपाट, लोहाराच्या ऐरणीसारखा. आत गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात, त्यातून वीज साठते. डोंगराला चिकटून असलेल्या आमच्या खाणीवर तर दुपारी तीननंतर ठरलेलंच.

इतकं मन लावून माझं कोणी ऐकलंय कधी? सरांनी भर वर्गात "तुम्ही बोलू नका, बसा" म्हटलं. मी बसलो नाही. तडक बाहेर! कॉलेजचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं. बरंच झालं. नाहीतर ही कुठे भेटली असती?

मंगळवार, ७ मे

मामा इथला सुरुंगवाला. त्यानेच मला इथे कामाला चिकटवलं. भोकांत दारू भरून डेटोनेटरच्या तारा जोडल्या की विजेला डोक्यावर पडायचीही गरज नसते. बाजूला कुठे जमिनीत उतरली तरी तारांतून शिरते आणि सगळं उडवते. खाली ड्रिलच्या खडखडाटात कोणाला काही ऐकू येत नाही. म्हणून वर कड्यावर टपरी, टपरीत मी. वीज चमकली की मोजायचं. तीसच्या आत गडगडलं की भोंगा, आणि सगळे वर. वीज नाही दिसली, नुसतं गडगडलं, तरी भोंगा.

मामा म्हणतो, "भाचेबुवा, तुमचा कान म्हणजे माझं आयुष्य. मळ काढत जा!"

गुरुवार, ९ मे

बोललो!!

सुटल्यावर फाटकाकडे ती पुढे, मी दोन पावलं मागे. खडीचा क्रशर बंद, चिटपाखरू नाही. म्हटलं, "मला तू आवडतेस. खूप." ती चालत राहिली. मानसुद्धा वळवली नाही! फाटकाशी थांबली, हसून म्हणाली, "उद्या लवकर येशील?"

हा काय प्रकार? नाही तर नाही म्हण ना. पण कानावर पडलंच नाही असं दाखवायचं?

जेवलो नाही.

शनिवार, ११ मे

आकाशात धुरळा, वीज काही दिसेना. पण गडगडलं. एकदा नाही, दोनदा. मी भोंगा दाबला. सगळी खाण रिकामी, दुपारचा सुरुंग रद्द. आणि ढग डोंगरापलीकडून निघून गेला! एक थेंब नाही.

मॅनेजर लालबुंद. "कोरडं ठणठणीत आभाळ आणि म्हणे गडगडलं! डुलकी लागली होती का?" मी म्हटलं, वीज ढगापासून दहा-बारा किलोमीटरवरही पडते, डोक्यावर ऊन असतानाही. "आम्हाला शिकवू नका. आणखी कोणी ऐकलं?"

मीच म्हटलं, "वजनकाट्यावर विचारा. तिथे शांत असतं."

सोमवार, १३ मे

लिहून दिलं तिने. खाली सही. 'मला गडगडाट ऐकू आला नाही.'

कागद मॅनेजरने माझ्या नाकासमोर धरला. तिचंच अक्षर. मी तिच्याकडे बघितलं तर मान खाली. निदान या वेळी तरी माझ्या तोंडाकडे बघायचं होतंस!

नको असेन तर नको. पण खोटं लिहून माझा घात करायचा?

मंगळवार, १४ मे

मला क्रशरवर फावडं दिलं. आणि टपरीत कोण? ती! मॅनेजर म्हणे, "मुलगी शांत आहे, उगाच बोंब ठोकणार नाही." ती आधी नको म्हणत होती म्हणे. का, ते विचारलं तर गप्प. नाटकं सगळी! जागा हवी होती, मिळाली.

मामा म्हणाला, "डोकं थंड ठेव रे."

नाही ठेवणार.

गुरुवार, १६ मे

साडेतीनला डोंगरामागे ऐरण दिसली, काळीभोर. चमकलं. मी फावड्यावर हात ठेवून मोजायला लागलो. सवय. बावीसला गडगडलं, स्पष्ट. भोंगा नाही. पुन्हा चमकलं, चौदाला गडगडलं. भोंगा नाही! खाली मामा आणि चार माणसं, भोकं भरलेली, तारा जोडलेल्या.

फावडं टाकून पळत सुटलो. टपरीत ती आभाळाकडे टक लावून उभी. तोंडाने मोजत होती, "एकोणतीस, तीस, एकतीस..." अगं, कसलं एकतीस! मी भोंगा दाबला आणि सोडलाच नाही.

पाचही जण वर आले. मामा शेवटी, धापा टाकत. मिनिटभराने कड्याच्या पलीकडच्या टोकावर वीज पडली आणि खालचे सगळे सुरुंग एकदम उडाले. मामाचा डबा राहिला होता तिथे.

ती धुरळ्याकडे बघत उभी, माझ्याकडे पाठ. मी घसा फोडून ओरडलो, "मामाला मारायला निघाली होतीस! मुद्दाम केलंस!" वळली नाही. इतका माज!

मॅनेजरने माझं म्हणणं लेखी मागितलंय. आता माझी पाळी. 'मुद्दाम' हा शब्द घातलाय.

शुक्रवार, १७ मे

कागद द्यायला गेलो तर ती मॅनेजरच्या खोलीतून बाहेर येत होती. माझ्या हातातून कागद घेऊन वाचला.

"मला ऐकू येत नाही रे. सुरुंगांनी कान गेले, दोन वर्षं झाली. काम जाईल म्हणून बोलले नाही. आत्ता सांगून आले." मग म्हणाली, "ओठ बघून कळतं मला. तुझं सगळ्यात नीट कळतं."

ओठ बघून.

आणि नऊ तारखेला बोललो तेव्हा मी तिच्या मागून चालत होतो.