सितान कोलोबाला गेली

१२ ऑगस्ट
बुरामा केइता सकाळीच कोलोबाहून मोटरसायकलवर बाटल्या घेऊन आला. आम्ही कुलीबाली दिसलो की केइतांची जीभ वळवळते; दोन्ही कुळांचं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचंच नातं. "चवळीखाऊ, खरं औषध आमच्या कोलोबात. तुम्हाला साखरपाणी." मी म्हटलं, "माझा नोकर तू. बाटल्या उतरव."

खरं कुठे, ते त्यालाही ठाऊक नाही, मलाही नाही. एका गावात हिवताप टाळायचं औषध, दुसऱ्यात तसंच दिसणारं गोड पाणी. हंगाम संपला की दोन्हीकडची मुलं ताडून बघणार. आयांना हे सांगूनच अंगठे घेतलेत. पण मला मनातून खात्री आहे — खरं आमच्या सिराबुगूतच! मी पाजलेली पोरं कशी उड्या मारतात.

१९ ऑगस्ट
मला पुन्हा दिवस गेलेत. आनंद आहे. पण आता माझ्या सितानचं दूध तोडायचं, आणि आमच्याकडे दूध तोडलेलं पोर आईच्या आईकडे जातं. माझी आई कोलोबात! सासूबाईंना म्हटलं, हंगामभर इथेच राहू दे. "आणि तुला बघून रोज रडू दे? तू काय जगावेगळी?"

२० ऑगस्ट
औषधाची चाचणी घेणाऱ्या डॉक्टर कादिदिया म्हणाल्या, जाऊ दे की. जिथे राहील तिथली बाटली घेईल. म्हणजे साखरपाणी. जेवण गेलं नाही.

२५ ऑगस्ट
सोडून आले. आईच्या पाठीवर बांधल्याबरोबर झोपली. लबाड!

१४ सप्टेंबर
आईकडे जाऊन आले. सितान गुटगुटीत झालीय. मला बघून आजीच्या लुगड्यामागे लपली. जरा लागलं, पण बरंही वाटलं.

६ ऑक्टोबर
शेजारच्या नियेलेचा धाकटा तापला. दवाखान्यात नेला, गोळ्यांनी उतरला. नियेले म्हणाली, "तुझं औषध पोटात नसतं तर वाचला नसता." बळेच बाजरीची लापशी खाऊ घातली मला. फार छान झाली होती. सितानची मात्र काळजी वाटते.

३० नोव्हेंबर
डॉक्टरांनी आज सांगितलं. खरं औषध कोलोबात होतं. सितानला मिळालं!

घरी आले तर नियेले दारात उभी, धाकटा कडेवर. म्हणाली, "खरं औषध आपलंच होतं ना गं?"