डब्याच्या पिशवीतला अर्धा वाटा

मारुंजी,
रविवार दुपार

प्रिय ताजुन्निसा,

तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र.

परवा पिंपरी कॅम्पात रेक्झिन घ्यायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "त्या दुसऱ्या ताई कुठायत? त्या असल्या की भाव करायला मजा येते." मी म्हटलं, गावाला गेल्यात. तू तिथून दोन गल्ल्या पलीकडे राहतेस.

चाकणला जाणारी कंपनीची बस आठवते? माझ्या डब्यातली आमटी रोज कुणाच्या तरी अंगावर सांडायची. "तुझ्या भाषणापेक्षा तुझी आमटी जास्त पसरते गं," म्हणालीस आणि उरल्यासुरल्या रेक्झिनची पिशवी शिवून आणलीस. रुंद बूड, आत डबा आवळून धरणारा पट्टा. महिन्याभरात अर्ध्या बसकडे तीच पिशवी. पुढं कंत्राट संपलं, आपण दोघी घरी बसलो, तेव्हा तीच ऑनलाइन विकायला काढली. पहिली ऑर्डर वाकडची. कुरिअरवर विश्वास नाही म्हणून दोघी रिक्षानं द्यायला गेलो आणि वॉचमननं गेटवरच ठेवून घेतली. रिक्षाचं भाडं पिशवीच्या किमतीपेक्षा जास्त! परतीच्या वाटेवर किती हसलो होतो.

मग माझी भाची तेजस्विनी म्हणाली, "मावशी, विक्री आहे, नफा कुठाय? शिलाईचा खर्च कमी कर." मी तुझा दर पिशवीमागं आठ रुपयांनी कमी केला. विचारलं नाही, सांगितलं. तू मशीनवर कापड टाकलंस आणि म्हणालीस, "साधना, मॅनेजरचा आवाज तुला बरा जमतो गं." मला संताप आला. नफ्यातला वाटा राबणाऱ्याला मिळालाच पाहिजे, असं कंपनीच्या गेटवर घसा फोडून सांगणारी मी. मला हे ऐकवायचं?

तू गेलीस. शिलाई चिखलीच्या एका कारखान्यात दिली. नफा दीडपट झाला. पिशव्याही वाईट नाहीत, खोटं कशाला सांगू? गेल्या आठवड्यात माल उशिरा आला म्हणून तिथं गेले आणि शिवणाऱ्या बाईला म्हणाले, "जमत नसेल तर सांग, दुसऱ्या पुष्कळ आहेत." ती मान खाली घालून शिवत राहिली. तू तापानं फणफणली होतीस त्या दिवशी कंपनीत सुपरवायझर तुला हेच म्हणाला होता आणि मी अर्धा तास लाइन बंद पाडली होती. माझ्या तोंडून ते किती सहज निघालं, ताजू! त्या बाईची माफी मागितली. ती घाबरली, तिला वाटलं काम गेलं.

पिशवी तुझ्या डोक्यातून निघाली. तरी विक्रीचं ऑनलाइन खातं माझ्या नावावर, त्यावर फोटो माझा, आणि तुला मी नगावर पैसे देत होते. हे दर कापण्याच्या आधीपासूनच चुकत होतं. तू बोलली नाहीस आणि मी पाहिलं नाही. भागीदारीचा कागद करून आणलाय. नफा निम्मा-निम्मा, आणि दोघींच्या सह्या असल्याशिवाय कुठलाही दर बदलणार नाही. नफा सुरुवातीला घटेल, तेजस्विनी ओरडेल. तो वाढवायचा कसा, हे तुझ्या मशीनशेजारी बसून ठरवू. मंगळवारी दुपारी येते. कागद वाचून घरी नदीमभाईंनाही दाखव, आवडला नाही तर माझ्यादेखत फाड. फक्त दार उघड.

तुझीच, वाट पाहणारी,
साधना