पंख्याची घरघर

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तू आणि भावजी मजेत असाल असे धरून चालते. गणितवाल्यांना धरून चालायची सवयच असते. मी बरी आहे. आई बरी आहे असे म्हणते.

बाबा गेल्यापासून आई माझ्या फोनमधला त्यांचा एकच निरोप ऐकत बसते. तुमच्याकडे आले असताना तुझ्या फोनवरून त्यांनी मला पाठवला होता तो, नळाचा वायसर कसा बदलावा हा. "काय अवकाशवाली, नळ गळतोय म्हणे?" अशी त्याची सुरुवात. (मी गणितातल्या फलनांच्या अवकाशांवर काम करते, हे बाबांनी अर्धेच ऐकले आणि धाकटी रॉकेटखात्यात आहे म्हणून सगळ्या गल्लीला सांगून टाकले. मीही खुलासा केला नाही. फुकटचे रॉकेट कोण सोडतो?) पण तुमच्या हॉलमधला पंखा त्यात इतका घरघरतो (भावजींना तेलाची कुपी दिसत नाही का?) की बाबा निम्मे ऐकूच येत नाहीत. म्हटले, आपली विद्या घरच्यांच्या कधी कामाला येणार?

आमच्या तरंगिका म्हणजे चिमुकल्या लाटा. आवाज त्यांच्यात फोडायचा, अगदी क्षीण असतील त्या टाकून द्यायच्या, उरलेल्या पुन्हा जोडायच्या, की खरखर गेली. मी फोडल्या, टाकल्या, जोडल्या. पंखा गेला. पण बोलण्याआधीचा बाबांचा तो 'अंऽऽ', दम्याची बारीक शिट्टी, सांगता सांगता स्वतःशीच हसणे, हेही त्या घरघरीतच मिसळलेले होते. सुक्याबरोबर ओलेही जळाले. आईने मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "छान बोलतात. कोण गं हे?"

दोन आवाजांमध्ये अंतर किती, हे आमच्यात तुम्ही कोणत्या अवकाशात मोजता त्यावर ठरते. माझ्या मोजणीत जुना आणि नवा जवळजवळ एकच होते. आई कुठल्या अवकाशात मोजते कोण जाणे, पण तिथे त्या दोघांची ओळखसुद्धा नाही. ताई, मला फार रडू आले. बाबा दुसऱ्यांदा गेले, आणि या वेळी मी घालवले.

भावजींना नमस्कार. तेलाचे मनावर घेऊ नका म्हणावे.

तुझी,
अवकाशवाली

ता. क. मूळ निरोप तुझ्या फोनमध्ये असेल तर पाठव. मी साफ केलेला त्याच्याच जागी जतन करून बसले (हो, डॉक्टरेटवाल्यांचेही असे होते).

आणखी ता. क. आहे तसाच पाठव, घरघरीसकट. आई हल्ली ऐन थंडीत पंखा पाचावर ठेवून माझा तो साफ निरोप ऐकते. बंद करायला गेले तर म्हणाली, "राहू दे गं. त्याशिवाय ते बोलल्यासारखे वाटत नाहीत." तिला सर्दी झाली आहे. लवकर पाठव.