घड्याळ म्हणजे वेळेवर

३ मार्च, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. कारण: जबाबदारी.

हिच्या उजव्या अंगठ्याचं ऑपरेशन झालं, काल घरी आणलं. तेवीस वर्षं शिवणयंत्रावर बसून अंगठ्याची शीर आखडली होती. डॉक्टर म्हणाले, जखम नीट भरली तर अंगठा पूर्वीसारखा चालेल, चिघळली तर काही सांगता येत नाही. अंगठा गेला तर हिची शिवण गेली. आणि शिवणीवाचून ही कशी असेल ते मला डोळ्यांसमोर आणता येत नाही. तोंडावर अर्थातच बोललो नाही.

ड्रेसिंगच्या सिस्टरने जखमेभोवतीच्या लालीला निळ्या बॉलपेनने कड काढून दिली आहे. रोज सकाळी दहाच्या आत पट्टी सोडून फोटो पाठवायचा. लाली रेषेबाहेर गेली तर एक तासही थांबायचं नाही. सिस्टर स्वतःहून फोन करणार ते बिघडलेलं दिसलं तरच. साठ पेशंट आहेत, प्रत्येकाला उत्तर देत बसणार नाही म्हणाल्या.

काम माझ्याकडे सोपवलं. योग्य माणसाकडे सोपवलं. एकतीस वर्षं प्लायवूडच्या गोडाऊनचा स्टोअरकीपर होतो. मागून मला 'शिक्का' म्हणत. आदराने.

३ मार्च, सकाळी ९.२०
प्रश्न एकच. मोबाइल डेटा. माझ्या फोनवर तो बंद असतो आणि बंदच राहील. दोन वर्षांपूर्वी चुकून चालू राहिला आणि महिन्याचा पॅक दुपारच्या जेवणाआधी संपला. फोन खिशात होता, मी हातसुद्धा लावला नव्हता. डेटा म्हणजे उघडा राहिलेला नळ.

ही म्हणाली, आठ-दहा दिवस चालू ठेवला तर काय बिघडेल? मी म्हणालो, तत्त्व बिघडेल. हिचा फोन बटणांचा. घरात एक स्मार्टफोन पुरे, हेही माझंच तत्त्व.

वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंकडे वायफाय आहे. पण त्यांच्याकडे मागणं शक्य नाही. टाकी वाहू दिल्याबद्दल गेल्याच महिन्यात मी त्यांना जिन्यात अर्धा तास सुनावलं होतं.

३ मार्च, सकाळी ९.५०
मार्ग सापडला. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये वायफाय आहे. सलूनवाला म्हणाला, पासवर्ड फक्त गिऱ्हाइकाला. ठीक. दाढी करायला बसलो. साबण लागल्यावर फोन उघडला तर यादीत आणखी एक नाव: 'डायरेक्ट', पुढे काही आकडे. पासवर्डच नाही! डायरेक्ट, म्हणजे मध्ये कोणी नाही, थेट. सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या. सलूनवाल्याचे उपकार घ्यायचीही गरज उरली नाही. खाली बारीक अक्षरांत येतं, 'इंटरनेट नाही'. म्हणजे इंटरनेट न वापरता काम होतंय. मला हेच हवं होतं.

फोटो टाकला. शेजारी चिमुकलं घड्याळ उमटलं. बघून बरं वाटलं. आमच्या गोडाऊनला वेळेत आलेल्या मालाच्या चलनावर गोल घड्याळाचा शिक्का मारायची पद्धत होती. ती मीच सुरू केली. ह्या कंपन्यांनाही शेवटी तीच सुचली.

फोटोखाली लिहिलं: सर्व ठीक.

४ मार्च
फोटो ९.४० ला. घड्याळ आलं. खाली लिहिलं: लाली रेषेच्या आत. काळजी नसावी.

गालावर खरवडायला काही नव्हतं तरी दाढी केली. खुर्ची अडवायची तर गिऱ्हाईक असलं पाहिजे, फुकट बसणं माझ्या रक्तात नाही. दुसऱ्या खुर्चीवर पट्ट्या सर्वांत जास्त येतात.

सिस्टरचा फोन नाही. म्हणजे उत्तम.

५ मार्च
फोटो ९.३५. घड्याळ. केस कापून घेतले.

हिने विचारलं, पोचतात ना हो फोटो? मी फोन समोर धरून घड्याळ दाखवलं, गोडाऊनच्या शिक्क्याचा इतिहासही सांगितला. तिला तो आधीच माहीत आहे म्हणाली. मग म्हणाली, आज जरा ठणकतंय. मी म्हणालो, सिस्टर बघताहेत. काही असतं तर बोलल्या असत्या. तिला पटलं. माझ्यावर तिचा विश्वास आहे. एवढ्या वर्षांत मी तो कमावला आहे.

६ मार्च, सकाळी ९
पट्टी सोडताना पाणी सांडलं. निळी रेषा पुसट झाली. गडद करून दिली. ही कळवळली तसा माझा हात हलला आणि रेष एका बाजूने जरा ऐसपैस आली. केसाएवढा फरक. फार तर दोन केस.

लाली रेषेच्या आत आहे.

६ मार्च, सकाळी १०
घड्याळ. पुन्हा केस कापले. सलूनवाला म्हणाला, काका, आता कुठून कापू? मी म्हणालो, कानामागून बघा. तो म्हणाला, तिथेही कालच बघितलं. शेवटी मिशी काढली.

घरी आल्यावर ही दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, कोण पाहिजे आपल्याला? विनोद करते म्हणजे बरी आहे.

७ मार्च
रात्री झोपली नाही म्हणे. मला जाग आली नाही, कारण माझा दिवस सकाळी सहाला सुरू होतो.

लाली रेषेला टेकली आहे. बाहेर नाही. टेकणं आणि ओलांडणं यात फरक आहे. गोडाऊनच्या दारात उभा असलेला ट्रक आत आला असं आम्ही कधीच लिहिलं नाही.

ही म्हणाली, रेष मोठी झाल्यासारखी वाटते. मी म्हणालो, हात सुजलाय म्हणून वाटते. हे बोलल्यावर निळं पेन उचलून कपाटात ठेवलं. का ठेवलं कळलं नाही. पसारा नको म्हणून असावं.

फोटो पाठवला. घड्याळ. खाली लिहिलं: किंचित सूज. लाली नगण्य.

निर्धार: सिस्टरचा फोन आला नाही तर उद्या स्वतः फोन करायचा. साधा फोन, त्याला डेटा लागत नाही.

८ मार्च, सकाळी ८.३०
सिस्टरला फोन केला नाही. साठ पेशंट. पाच फोटो बघूनही त्या गप्प आहेत, तर मी फोन करणं म्हणजे त्यांच्या नजरेवर अविश्वास दाखवणं. कोणी माझ्या स्टॉक रजिस्टरवर असा अविश्वास दाखवला असता तर मला चाललं नसतं.

हिच्या अंगात कणकण आहे. चहा अर्धा ठेवला. आज अहो म्हणून हाक मारली आणि कुशीवर वळली.

८ मार्च, सकाळी ९.१०
लाली रेषेबाहेर आहे.

मी ऐसपैस काढलेल्या रेषेच्यासुद्धा बाहेर आहे. मनगटाकडे बोटभर.

घाबरायचं नाही. नियम स्पष्ट आहे: एक तासही थांबायचं नाही. मी एक मिनिट थांबणार नाही. फोटो काढला. आज खाली 'तातडीचे' असं लिहिणार. ही म्हणाली, मला घेऊनच चला ना सरळ. मी म्हणालो, अपॉइंटमेंट नसताना जाऊन दोन तास बाकावर बसण्यापेक्षा फोटो बघून त्या सांगतील तसं करू. निघतो.

८ मार्च, सकाळी ९.४०, सलून
दुसऱ्या खुर्चीवर कोणीतरी बसलं होतं. डोक्याला रंग लावून. अर्धा तास उठणार नाही म्हणाला. पहिल्या खुर्चीवर दोनच पट्ट्या. तिथूनच पाठवला. घड्याळ आलं!

जीव भांड्यात पडला. सलूनवाल्याने विचारलं, आज काय? डोक्यावर काही उरलं नव्हतं, तरी झिरो मशीन फिरव म्हणालो. बसायला काहीतरी निमित्त हवं होतं.

८ मार्च, सकाळी १०.२५
घरी आलो. दाराला कुलूप. फटीत चिठ्ठी. हिचं अक्षर नव्हे असं वाटलं, मग कळलं, डाव्या हाताने लिहिलंय. मुलं पहिलीत काढतात तसली अक्षरं.

'दवाखान्यात जाते. वरच्या बाई नेतायत. घड्याळ म्हणजे गेलंच नाही.'

तीनदा वाचली. चिठ्ठी इथे मधल्या पानात ठेवली आहे.

८ मार्च, दुपारी १, दवाखाना
बाकावर बसून लिहितो.

झालं ते असं. मी गेल्यावर टायपिस्टबाई टाकीचा कॉक बघायला खाली आल्या. (माझ्या भाषणानंतर रोज बघतात.) ही दारात बसलेली. हात बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. घड्याळाचं हिने सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अहो घड्याळ म्हणजे फोटो अजून फोनमध्येच पडून आहे, नेट मिळायची वाट बघतोय. त्यांनी दवाखान्याच्या कागदावरचा नंबर घेऊन आपल्या फोनवरून एक फोटो पाठवला. एकच. चौथ्या मिनिटाला सिस्टरचा फोन: आत्ताच्या आत्ता आणा.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा हिला आत नेलं होतं. सिस्टर बाहेर आल्या. मी त्यांच्याशी भांडलो. हो, भांडलो. सहा दिवस रोज दहाच्या आत पाठवलेत, सगळ्यांवर घड्याळ आहे, तुम्ही बघितलं नाहीत, असं सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो. सिस्टरने आपला फोन माझ्यासमोर धरला. माझं नाव, खाली कोरी जागा.

तेवढ्यात तो वाजला. टिंग. माझ्या फोनने दवाखान्याचं वायफाय धरलं होतं. गेल्या वर्षी डोळे तपासायला आलो तेव्हा टाकलेला पासवर्ड त्याच्या लक्षात होता. टिंग. टिंग. सहा वेळा वाजला. सिस्टरने एकेक मोठ्याने वाचला. सर्व ठीक. लाली रेषेच्या आत, काळजी नसावी. किंचित सूज, लाली नगण्य. तातडीचे. मग ६ तारखेचा फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि विचारलं, ही रेष मी काढलेली नाही. कोणी काढली?

मी म्हणालो, मी.

त्यांनी फोन खिशात टाकला आणि आत गेल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

८ मार्च, सायंकाळी ५
डॉक्टर भेटले. जखम पुन्हा उघडून धुतली. शीर वाचली असावी म्हणाले. 'असावी' म्हणाले. अंगठा किती चालेल ते टाके निघाल्यावर. उद्यावर गेलं असतं तर, असं म्हणून थांबले आणि माझ्या गुळगुळीत डोक्याकडे बघून म्हणाले, तुमचीही कुठे ट्रीटमेंट चालू आहे का?

ही जागी झाली. मी जवळ जाऊन बसलो. चुकलो, एवढंच आलं. ती म्हणाली, तुम्ही घड्याळ दाखवलंत की मला वाटायचं, दुखतंय ते माझंच खोटं असेल. असं रागावून नाही, सरळ म्हणाली. मला फार लागलं. लागायलाच हवं.

९ मार्च
डेटा चालू केला. सलूनवाल्याकडून कळलं, 'डायरेक्ट' हा शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर आहे. सहा दिवस मी प्रिंटरला हिचा हात दाखवत होतो.

टायपिस्टबाईंना धन्यवाद दिले. त्या म्हणाल्या, टाकी भरली की सांगते. टोमणा होता. घेतला.

२२ मार्च
टाके निघाले. अंगठा हलतो. थोडा. करंगळीपर्यंत पोचत नाही. सिस्टरने व्यायाम दिला आहे आणि रोज फोटो. स्मार्टफोन आता हिच्याकडे असतो, सिस्टरचा हुकूम. माझ्याकडे बटणांचा.

२ एप्रिल
करंगळीला अजून कणभर कमी. मी म्हणालो, जवळजवळ टेकला. ही म्हणाली, टेकलेला नाही, असं लिहा.

टेकलेला नाही.

१९ एप्रिल, सकाळी ९.३०
टेकला. ही म्हणाली म्हणून लिहितो, मी ठरवलेलं नाही.

फोटो मी काढला, पाठवायचं बटण तिने मला दाबू दिलं. घड्याळ आलं. ते जाईपर्यंत मी हिचा हात धरून उभा राहिलो. घड्याळ गेलं, एक खूण आली, मग दोन. तरी सोडला नाही. ही म्हणाली, सोडा आता, सुई ओवायचीय.

ओवायला बारा प्रयत्न लागले. मी ओवून देतो म्हणालो, तर डोळे वटारले.

१९ एप्रिल, सायंकाळी ६
अंगठ्याने शिवलेली पहिली गोष्ट तयार झाली. माझ्या टकलासाठी टोपी. केस अजून धड आलेले नाहीत आणि माझ्याकडे बघवत नाही म्हणाली. शिवण वाकडी आहे, एका बाजूने टोपी जरा ऐसपैस झाली आहे.

घालून बसलो आहे.