आपट्यापाशी वळलेली भिंत

आप्पा, तुमचा आपटा अजून हिरवागार आहे. मैलूरच्या या हातभर अंगणात दुसरं काही टिकलं नाही. संतपूरच्या बांधावरून सायकलला बांधून तुम्ही ते रोप आणलंत, तेव्हा आई हसली होती, "याला काय आंबे लागणार हायत व्हय?" शेळीनं ते खाल्लं, उन्हाळ्यांनी वाळवलं, तरी बुडातून फुटत राहिलं. एका दसऱ्याला धाकट्यानं सोनं तोडताना अख्खी फांदीच मोडली. तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातलात, "पानं ने की, फांदी कामून मोडायलास?" तो रडायला लागला. मग तुम्हीच त्याच्या मुठीत पानं कोंबलीत, "जा, थोरल्याला सोनं दे, पाया पड. धाकट्यानंच जायचं असतंय." मला अजून दिसतं, मी ऐटीत उभा आहे, तो नाक पुसत वाकतोय.

तुम्ही गेल्यावर आम्ही घर वाटून घेतलं. मधली भिंत आपट्यापाशी आली, तेव्हा झाड तोडायला दोघंही तयार होईनात. मिस्त्रीनं वैतागून भिंतच वळवली. आमचं एकमत झालं ते तेवढंच. बुंधा माझ्याकडं आला, अर्ध्या फांद्या त्याच्याकडं. दर दसऱ्याला मी पानं घेऊन ओट्यावर बसतो. तो गल्लीभर सोनं वाटतो, कानडी शेजाऱ्यांकडून त्यांचं सोनं, बन्नीची पानं, घेतो आणि नेमकं माझं दार चुकवतो. पण मी थोरला. मी कसा जाणार?

यंदा त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काल दसरा होता. बायको म्हणाली, "आता ते चालत येणार हायत का? तुमीच जावा की. कुणाची वाट बघायलाव?"

पानं खिशात घालून गेलो. फाटकाच्या कडीला हात लावला. उघड्या दारातून त्याची बाज दिसत होती. डाव्या मुठीत आपट्याची पानं धरून तो आमच्या भिंतीकडं हात लांबवत होता, घशातून नुसता आवाज काढत होता. भावजय म्हणत होती, "व्हय, थोरल्यांनाच द्यायचंय. कळालं मला."

मी कडी न काढता परत आलो. पानं खिशातच कोमेजलीत. आता यातून काही चांगलं होईल असं मला वाटत नाही. हा कागदही घडी करून फाडून टाकीन, तुमच्यासमोर हे बोलायची माझी छाती झाली नसती. आप्पा, तिथं फाटकाशी उभा असतानासुद्धा मला वाटत होतं, त्यानंच उठून यावं.